डेल्फिनचं अस्वल

सेंट-लाझार,
ता. १४ जून १९९१

ती. लुसियाँदादास,
डेल्फिनचा सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाली आहे. खरं तर ईस्टरनंतर पत्र टाकायची पाळी तुझी होती आणि मी हट्टाने गप्प बसणार होते. पण बातमी पोटात मावेना. फोनवर बोलावं तर कारखान्याने तुझे कान खाल्लेत, निम्मं ऐकतोस आणि निम्मं मनाचं घालतोस. तेव्हा लिहितेच. मी धनुष्य घेतलंय.

हसू नकोस. जत्रेतलं नाही, खरं. दोन्ही टोकांना चाकं आणि मध्ये दोरांचं जाळं असलेलं. गोठ्यामागे गवताचे गठ्ठे रचून त्यांना बटाट्याचं रिकामं पोतं बांधलंय आणि रोज सकाळी त्यावर बाण मारते. पहिल्या दिवशी दोरीचा असा फटका बसला की कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर नॉर्माँ भेटेल त्याला सांगत होता की बाबांनो, हे मी केलेलं नाही, या बाईवर हात उगारायची माझी छाती नाही. त्याचं म्हणणं, या वयात इतर बायका गोधड्या शिवतात.

गोधडी शिवायला एका जागी बसावं लागतं ना! लेक झिझेल पोर्टलंडला नोकरीवर गेली तेव्हापासून घरात कुणाचा आवाज नाही. शाळेला सुट्टी, म्हणून मी जिथे रांधते ते शाळेचं स्वयंपाकघरही बंद. मी या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले ते विसरून परत येते. नॉर्माँ बटाट्याचा ट्रक घेऊन गेला की दिवसभर हातांना काय करावं ते कळत नाही. धनुष्य ओढलं की तेवढ्यापुरते ते शांत होतात.

तर मनात असं आहे की यंदा ऑगस्टअखेर हंगाम उघडला की अस्वलाला बसायचं. मचाणावरून, बाणानेच. तू त्या विषयावर बोलत नाहीस हे मला माहीत आहे. तरीही विचारते, कारण दुसऱ्या कुणाला विचारू? काळ्या ओढ्यापलीकडच्या देवदारांच्या दलदलीत तुझं झाड नेमकं कुठलं होतं? आणि तिथे वारा कुठून येतो?

इव्हेतवहिनीला नमस्कार सांग. तुझ्या गुडघ्याचं आणि कंबरेचं कसं आहे ते लिही, उगाच बरं आहे असं लिहू नकोस.

माया आहे ती आणखी वाढव, कमी करू नकोस.
तुझी,
डेल्फिन


कनेक्टिकट,
ता. २३ जून १९९१

चि. डेल्फिनला,
लुसियाँचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तर एका शब्दात देता येतं. नाही.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. तू अशी वळवळी होतीस की फादरनी तुला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं होतं, आणि प्रवचन संपेपर्यंत तू बाकांखालून सरपटत शेवटच्या बाकावर पोचली होतीस. मचाणावर माणूस दगड होऊन बसतो. डास चावला तरी हात उचलायचा नाही. तुला ते जमायचं नाही, आणि जमलं नाही की तू हलणार, आणि हललीस की पडणार. पडल्यावर काय होतं ते पाहायचं असेल तर इथे ये, माझ्यामागून जिना चढ.

मांस हवं असेल तर नॉर्माँला बंदूक घेऊन पाठव. तोही जायचा नाही, जंगलाला भितो. मग चिकनचा रस्सा कर आणि प्लॉयची, आपली कुट्टूच्या पिठाची धिरडी घाल. त्यात काही कमीपणा नाही.

माझं झाड विचारू नकोस.

इकडे उकाडा फार. तिसऱ्या मजल्याला वारा म्हणून नाही. इव्हेत बरी आहे. कंबर बरी आहे.

आशीर्वाद पाठीशी आहेतच, अक्कल मात्र स्वतःची वापर.
तुझा,
लुसियाँ

ता. क. तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहितो. धनुष्य हातात घेऊन कधीही चढायचं नाही. आधी आपण चढायचं, कमरेचा पट्टा झाडाला बांधायचा, मग दोरीने धनुष्य वर ओढून घ्यायचं. वारा आमिषाकडून तुझ्याकडे यायला हवा, तुझ्याकडून तिकडे गेला की अस्वलाने तुझी सारी कुंडली वाचलीच. दलदलीत संध्याकाळी गार हवा उतरते, ती ओढ्याच्या दिशेने वाहते. आणि फळीवर विश्वास ठेवायचा नाही. कुठल्याही. माझी फळी दिसायला नवीकोरी होती.


कनेक्टिकट,
ता. ३० जून १९९१

प्रिय डेल्फिनवन्संना,
इव्हेतचा स. न. वि. वि.

हे पत्र मी कपडे धुवायच्या दुकानात बसून लिहिते आहे. लुसियाँना यातलं काही कळू देऊ नका.

तुमच्या पत्रापासून घरात चैन नाही. ते कामावरून येतात, जेवतात आणि फेऱ्या घालायला लागतात. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. काठीचा ठकठक आवाज होतो म्हणून खालच्या पोलिश बाईने दोनदा झाडूने छत ठोकलं. यांना ऐकूच येत नाही. परवा मी भाजी घेऊन आले तर हे खुर्चीवर चढून उभे, दोन्ही हात धनुष्य धरल्यासारखे. मला पाहून म्हणाले, दिवा बदलतोय. दिवा दुसऱ्या खोलीत आहे हो!

झोपेत दचकतात. ते मचाणावरून पडल्याला बारा वर्षं झाली, त्यांत हे जवळजवळ थांबलं होतं. मी या माणसाला हाडं जुळेपर्यंत उचलून बसवलंय, आता पुन्हा ते सगळं माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही खुशाल शिकार करा, मी कोण नको म्हणणारी? पण यांना कळवू नका. धाकटी वहिनी असते तर पाया पडले असते, थोरली आहे म्हणून नुसती विनवते.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं, रागावू नका.
आपली,
इव्हेत


सेंट-लाझार,
ता. ८ जुलै १९९१

ती. लुसियाँदादास,
डेल्फिनचा सा. न. वि. वि.

तुझंच बरोबर. धनुष्याचा नाद सोडला. हात दुखतो, आणि डास तर नकोच. आता टोमॅटोची रोपं लावलीत, त्यांच्या मागे आहे. संत ॲनच्या नवस-प्रार्थना सुरू होतील, त्यांच्या जेवणाचंही माझ्याकडेच आहे.

पाऊस बरा आहे. बटाट्याला फुलं आली. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

माया असू दे.
तुझी,
डेल्फिन


कनेक्टिकट,
ता. १५ जुलै १९९१

चि. डेल्फिनला,
आशीर्वाद.

टोमॅटो? तुला टोमॅटो खाल्ले की पुरळ उठतं.

जन्मात तू मला एवढं छोटं पत्र लिहिलेलं नाहीस. मी ते घेऊन इव्हेतसमोर बसलो आणि नुसता तिच्याकडे पाहत राहिलो. बिचारी पाच मिनिटंही टिकली नाही. कपडे धुवायच्या दुकानापासून सगळं सांगितलं आणि वर मलाच रडून दाखवलं. तिच्यावर रागावू नकोस, मीही रागावलो नाही. फक्त तिला म्हटलं की बाई गं, फेऱ्या मी तिच्या पत्रामुळे घालतो हे खरं, पण आता तिचं पत्र येणार नाही म्हटल्यावर मी भिंतीवर चढेन.

कोणी सांगितलं तुला सोडायला? मी नाही म्हटलं म्हणून? मी नाही म्हटल्यावर तू या जन्मात कुठली गोष्ट सोडली आहेस? उद्यापासून आमिष टाकायची तयारी सुरू कर. बेकरीतले शिळे डोनट, काकवी, तळणीचं जुनं तेल. पिंपाला साखळी लाव, नाहीतर अस्वल पिंपासकट जाईल. मचाण पंधरा-वीस पावलांवर, त्याहून लांब नको. बाण कुठे मारायचा ते खाली चित्र काढून दिलंय. चित्र डुकरासारखं दिसतं, अस्वल समजावं.

आणि सगळं लिही. नाहीतर मी मनाने रचतो, आणि मी रचलेल्यात तू रोज पडतेस.

आशीर्वाद भरपूर. कंजुषी तू केलीस, मी करणार नाही.
तुझा,
लुसियाँ


सेंट-लाझार,
ता. ५ सप्टेंबर १९९१

ती. लुसियाँदादास,
डेल्फिनचा सा. न. वि. वि.

आधी वहिनीला सांग की मला तिचा मुळीच राग नाही. दुसरं, तुला हवं होतं म्हणून सगळं लिहिते.

मचाण नॉर्माँने केलं. हो, नॉर्माँने! बायको जाणारच म्हटल्यावर तो दोन दिवस धुमसला, मग शेडमध्ये जाऊन लोखंडी नळ्या कापायला लागला. शिडी, वर बैठक, तिन्ही बाजूंनी कठडा, लाकडाची फळी म्हणून औषधाला नाही. ट्रकमध्ये पोती बांधायचा पट्टा कापून माझ्या कमरेला केला. म्हणाला, यावर बटाट्याचं ओझं तोलून धरलेलं आहे, तू म्हणजे काय. उभं करायला मात्र तो ओढ्यापर्यंतच आला. शेजारचा अदेलार पिनेट आणि त्याचे मुलगे मदतीला आले.

हंगाम उघडल्यापासून शाळेची भांडी घासून झाली की मी थेट तिथे जाते. सूर्य टेकडीमागे जायच्या आत उतरते, तसं नॉर्माँकडून वचन घेतलंय, म्हणजे त्याने माझ्याकडून. तो रस्त्यावर ट्रकमध्ये बसतो.

दादा, बसवत नाही रे. पहिले दिवस तर मी मनातल्या मनात सगळ्या मुलांचे डबे भरत होते, पडदे शिवत होते, मेलेल्या मावशीशी भांडत होते. पाठीला खाज आली की ती जगातली सगळ्यात मोठी गोष्ट होते. लाल खार येऊन अर्धा तास शिव्या देऊन जाते. पक्षी फडफडला तरी मी धनुष्य गच्च धरते.

आणि परवा ते आलं. आवाज नाही, काही नाही. पाहते तर नेच्यांत एक काळा खड्डा पडल्यासारखा, आणि तो खड्डा चालतोय. मला वाटलं होतं मी खंबीर राहीन. माझे गुडघे असे थरथरायला लागले की बुटाची टाच नळीवर टकटक वाजली. मी धनुष्य उचलायला गेले तर बाण कठड्याला लागला. एवढासा टिंग. अस्वलाने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि घाईबिई न करता आल्या वाटेने निघून गेलं. मी त्याच्या पाहुणचारात काही कमी ठेवल्यासारखं.

नॉर्माँला सांगितलं तर म्हणाला, शहाणं आहे, तुला ओळखून आहे.

दोन दिवस गेलेच नाही. शाळेत सूप करपवलं. तू म्हणाला होतास तेच खरं, मी पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर जाणारी आहे. शेवटपर्यंत बसणारी नाही. काय करू ते सांग, की हे सगळं आता आवरतं घेऊ?

प्रेम ठेव, माझ्यासारखीवर ठेवणं कठीण असलं तरी.
तुझी,
डेल्फिन


कनेक्टिकट,
ता. ९ सप्टेंबर १९९१

चि. डेल्फिनला,
लुसियाँचे अनेक आशीर्वाद.

आवरतं घेऊ नकोस. अस्वलाने मान वर केली तेव्हा तू पडली नाहीस, पट्टा बांधलेला होता, बाण उगाच सोडला नाहीस. घाईत सोडला असतास तर जनावर जखमी होऊन दलदलीत सडलं असतं आणि मग मी तुझ्याशी बोललो नसतो.

गुडघे सगळ्यांचे थरथरतात. माझेही. ते थांबवायला जाऊ नकोस, थरथरू दे. टाचेखाली जुन्या गोधडीचा तुकडा बांध. डोळ्यांकडे पाहू नकोस. खांद्यामागची एक जागा निवड, एक केस निवड. जवळचा पुढचा पाय त्याने पुढे टाकला की मगच. नाही टाकला तर नाही.

आता एक गोष्ट सांगतो. इव्हेतला काल सांगितली, म्हणून तुलाही सांगता येईल.

मी पडलो त्या दिवशी अस्वल आलं होतं. हे कुणाला ठाऊक नाही. मी खाली पडलो होतो, पाय भलतीकडे वळलेला, ओरडायला छातीत हवा नाही. लोक मला शोधायला निघाले नव्हते, सूर्य चांगला वर होता. आणि ते आलं. मला हुंगलं. त्याचा श्वास मानेवर लागला, गरम, रासबेरीचा वास असलेला. मला वाटलं संपलं. पण ते वळलं आणि आमिषाच्या खड्ड्याशी जाऊन बसलं आणि खायला लागलं. माझ्यापासून ताटाएवढ्या अंतरावर म्हण. किती वेळ कोण जाणे. त्याचं ते चावणं, मचमच, कडकड, मध्येच समाधानाचा सुस्कारा. मी तिथे मोडून पडलो होतो आणि त्याला त्याचं काही नव्हतं. ना राग, ना भीती, ना दया. पोट भरलं तसं निघून गेलं.

कारखान्याने माझे कान नेले, पण ते चावणं नेलं नाही. मी त्यासाठी त्याच्यावर रागावलेलो नाही, हे समजून घे. पण तेव्हापासून मला कुठे निवांत असं बसवत नाही. इव्हेतला वाटतं मी तुझ्या पत्राने बेचैन झालो. मी बारा वर्षं बेचैन आहे, फक्त आवाज न करता होतो.

जा. वारा पाहून जा.

आशीर्वाद आहेत, या वेळी जरा जास्तच.
तुझा,
लुसियाँ


सेंट-लाझार,
ता. १६ सप्टेंबर १९९१

ती. लुसियाँदादास,
तुझ्या डेल्फिनचा सा. न. वि. वि.

मिळालं. तुला तार करावी असं नॉर्माँ म्हणत होता, पण तारेत हे मावणार नाही.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. मी ते शाळेच्या कोठीत उभ्याने वाचलं आणि नंतर किती वेळ पिठाच्या पोत्यावर बसून होते. त्या दिवशी गेले नाही. शनिवारी दुपारीच गेले. वारा पिंपाकडून माझ्याकडे, अगदी तू सांगितलास तसा. टाचेखाली गोधडी बांधली होती. नॉर्माँ म्हणाला, शेवटी गोधडी हातात घेतलीस म्हणायची.

ऊन छान होतं. मी बसले आणि नेहमीप्रमाणे डोक्यात बाजार भरला. मी तो भरू दिला. तुझं वाक्य होतं ना, थरथरू दे, ते मी डोक्यालाही लावलं. मग कधीतरी लाल खार शिव्या देता देता मध्येच थांबली. ती अशी कधी थांबत नाही. मी मान न वळवता डोळे वळवले तर ते पिंपाशी बसलेलंच होतं! कुठून आलं, कधी आलं, देव जाणे. मागच्या वेळचं नव्हतं, याच्या छातीवर पांढरा डाग होता. मोठा नर. लेकुरवाळी नाही ना हे आधी नीट पाहून घेतलं.

आणि दादा, मला ते ऐकू आलं. चावणं. मचमच, कडकड, सुस्कारा. तू लिहिलंस अगदी तसं. तुझं पत्र नसतं तर मला ते ऐकूही आलं नसतं. मी तिथे वर बसलेली आणि मला खाली नेच्यांत तू दिसायला लागलास. पाय भलतीकडे वळलेला. माझ्या हातातलं धनुष्य जड झालं. खरं सांगते, मी ते मांडीवर ठेवलं. म्हटलं, खाऊ दे याला आणि जाऊ दे, मी घरी जाते.

पण ते उठून उभं राहिलं, आडवं झालं, आणि पुढचा पाय पुढे टाकून पिंपात डोकं घातलं. तेव्हा मला त्याचा राग नव्हता, तुझ्यासाठी सूड वगैरेही मनात नव्हता, हे तुला कळलेलं बरं. नुसतं वाटलं की मी इथे यासाठीच आले आहे आणि हा तो क्षण आहे, आणि मी याच्यापासूनही उठून दुसऱ्या खोलीत गेले तर जन्मभर जातच राहीन. गुडघे थरथरत होते. हात मात्र नाही. दोर ओढला, एक केस निवडला आणि सोडला.

ओलं फडकं दगडावर आपटल्यासारखा आवाज. ते उडालंच. फांद्या मोडत, पाणी उडवत गेलं, आणि मग एकदम सगळं थांबलं. आणि त्या शांततेतून एक लांब कण्हणं आलं. ते तू चित्राखाली लिहिलं नव्हतंस. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने झोपेत कूस बदलताना कण्हावं तसं. मी झाडाला मिठी मारून बसले.

मग तू चित्राखाली लिहिलेलं थांबणं. लगेच उतरायचं नाही, लगेच मागे जायचं नाही. अख्ख्या हंगामातलं कठीण काम हेच! पट्टा सोडला, पुन्हा बांधला. माळ म्हटली, मध्येच विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. बाण चुकला असेल तर? पोटात लागला असेल तर? उन्हाची तिरीप पिंपावरून सरकून मागच्या बुंध्यावर गेली तेव्हा उतरले. पाय जमिनीला लागले तर ते माझे वाटेनात.

रस्त्यावर नॉर्माँ रेडिओ लावून घोरत होता. काच वाजवली. माझा चेहरा पाहून त्याने रेडिओ बंद केला. टोपी घातली आणि खाली उतरला. जन्मात पहिल्यांदा तो त्या दलदलीत आला, माझ्या जाकिटाचं मागचं टोक मुठीत धरून, आणि सगळी वाट पुटपुटत होता की पुढच्या बायकोला शिवणकाम येतं का ते आधी विचारेन.

बाण जमिनीत रुतलेला मिळाला, आरपार गेलेला. नेच्यांवर रक्त होतं, फेसाळ, गुलाबी. नॉर्माँनेच ते आधी दाखवलं. भिणाऱ्या माणसाची नजर तीक्ष्ण असते म्हणतात. फार लांब गेलंच नव्हतं. एका फरच्या झाडाखाली कुशीवर पडलं होतं, झोपल्यासारखं. लांब काठीने डोळ्याला टोचून पाहिलं, हललं नाही. शेंड्यांवर अजून ऊन होतं.

नॉर्माँने टोपी काढली. मी गुडघ्यांवर बसले. जीभ जांभळी होती, चेरी खाऊन. कानामागे काट्याचं बोंड अडकलं होतं, ते मी सोडवून काढलं. का ते विचारू नकोस. केस वरून राठ आणि आत मऊ, आत अजून ऊब होती. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. हसूही आलं नाही. आनंद झाला नाही असं नाही, पण तो सरळ दारातून आला नाही, मागून कुठून तरी आला आणि कोपऱ्यात उभा राहिला.

अदेलार आणि मुलांनी ते ओढून रस्त्यावर आणलं. शिकारीची नोंद करावी लागते, ती करायला गावच्या दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने नॉर्माँचा हात हातात घेऊन असा हलवला की विचारू नकोस. शाब्बास म्हणाला, धनुष्याने म्हणजे कमाल केलीस. नॉर्माँ म्हणाला, मी फक्त झोपलो होतो, मारलं ते हिने. माणसाने आत हाक मारली. मग सगळं दुकान बाहेर आलं. शाळेतली पोरं आता मला जेवण वाढून घेताना प्लीज म्हणतात.

उकाडा होता म्हणून रात्रीच्या आत सोलून बर्फात घातलं. मांस फादरना दिलं, पिनेटांना दिलं, कॉन्व्हेंटच्या म्हाताऱ्या बहिणींना दिलं. चरबी कढवून बरण्या भरल्या. तिच्यात केलेल्या ॲपल पायचा पापुद्रा कसा सुटतो ते वहिनीला माहीत आहे.

सगळे अभिनंदन करतात. पण रविवारी जेवताना मी तीनदा उठून शेडपर्यंत जाऊन आले. तिथे नुसतं कातडं ताणलेलं होतं. मला कुणीतरी हवं होतं ज्याला हे सगळं सांगावं लागणार नाही. तू हवा होतास, दादा. एवढंच.

तुझी माया मला पुरते, पण तू पुरत नाहीस.
तुझी,
डेल्फिन


कनेक्टिकट,
ता. २४ सप्टेंबर १९९१

प्रिय डेल्फिनवन्संना,
इव्हेतचा स. न. वि. वि.

हे पत्र पोचेल तोवर कदाचित तेच पोचलेले असतील. काल सकाळी ते बसने निघाले.

तुमचं पत्र त्यांनी गॅलरीत बसून वाचलं. मग मला मोठ्याने वाचून दाखवलं, नॉर्माँभावोजी जाकीट धरून चालतात तिथे हसले, आणि जिथे तुम्ही त्यांना नेच्यांत पाहिलंत तिथे थांबले. पुढचं मला स्वतःला वाचावं लागलं. दोन दिवस फेऱ्या घातल्या नाहीत. मी खूश झाले, म्हटलं निवळले. तिसऱ्या दिवशी बॅग काढली.

मी चला म्हटलं तर म्हणाले, या वेळी एकटा जातो. लग्न झाल्यापासून आम्ही एक रात्रही वेगळे राहिलेलो नाही, इस्पितळातसुद्धा मी खुर्चीत होते. काल रात्री त्यांचा काठीचा आवाज नव्हता आणि मला झोप आली नाही. खालच्या पोलिश बाईने दार वाजवून विचारलं, साहेब बरे आहेत ना, आवाज नाही.

त्यांना लोकरीचे मोजे घालायला लावा. दलदलीत जाऊ देऊ नका असं लिहिणार होते, पण मग ते कशासाठी आले? जाऊ द्या. चढू देऊ नका. किंवा मला माहीत नाही, वन्सं. तुम्ही तिथे आहात, तुम्ही पाहा.

एकच विचारते. तिकडे त्यांना सगळे ओळखतात, इथे ते फक्त लंगडणारे फ्रेंच गृहस्थ आहेत. मागची खोली रिकामी आहे असं तुम्ही म्हणालात आणि ते राहतो म्हणाले, तर मला आडून कळवू नका. सरळ लिहा.

लोभ आहेच, धीर नाही.
आपली,
इव्हेत


सेंट-लाझार,
ता. १ ऑक्टोबर १९९१

प्रिय इव्हेत,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे नवऱ्याने बायकोला मायना काय लिहायचा ते मला माहीत नाही. डेल्फिनला विचारलं तर ती हसत सुटली. तेव्हा एवढ्यावर भागव. इकडे क्षेम आहे. मोजे घातलेत.

तू डेल्फिनला लिहिलेलं पत्र तिने माझ्या हातात दिलं. म्हणाली, आडून कळवायचं नाही असं लिहिलंय, तर मग तूच कळव. कळवतो. पण क्रमाने.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काळ्या ओढ्यापलीकडे गेलो. काठी घेऊन, थांबत थांबत. मी डेल्फिनला म्हटलं, आधी माझं झाड दाखवतो. गेलो, तर झाड नाही! कधीच्या काळी वादळात मुळासकट पडलेलं, वर शेवाळ, त्यावर बोटभर फरची रोपं उगवलेली. एवढी वर्षं मी त्याला तिथे उभं धरलं होतं. मी त्याच्यावर बसून सँडविच खाल्लं. डेल्फिन बाजूला उभी राहून माझ्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते पाहत होती. काही दिसण्यासारखं नव्हतं, मोहरी जास्त झाली होती.

मग आम्ही तिच्या मचाणापाशी गेलो. नॉर्माँने काम पक्कं केलंय, शिडी हलत नाही. मी तिला म्हटलं, पट्टा दे. तिने दिला नाही. बरंच काही बोलली. कारखान्याची कृपा, मला त्यातलं फार ऐकू आलं नाही. शेवटी तिनेच तो माझ्या कमरेला बांधला, आवळून आवळून, जणू मी बटाटा आहे.

चढायला फार वेळ लागला. चांगला पाय वर, वाईट पाय त्याच्या शेजारी. मध्ये एकदा थांबलो, तेव्हा खाली पाहिलं. ते करायला नको होतं. पण दोन्ही हात नळीवर होते आणि नळी गार होती, त्या गारव्याकडे लक्ष दिलं. वर गेलो, बसलो, पट्टा झाडाला बांधला. डेल्फिन खाली बुंध्याशी टेकून बसली. तिला बसता येतं आता, हे तुला सांगून खरं वाटणार नाही.

पानं लाल झालीत. पिंप त्यांनी काढून नेलंय, त्यामुळे अस्वल येण्याचं कारण नव्हतं, आलंही नाही. मला वाटलं होतं वर बसलं की काहीतरी कळेल. काही कळलं नाही. थंडी वाजली. एक खार आली, ओरडली असावी, तोंड उघडं दिसत होतं. मी जेवणाच्या वेळेपर्यंत बसलो, आणि इव्हेत, त्या सगळ्या वेळात मी काय ऐकतोय याकडे माझं लक्षच नव्हतं. मी विचार करत होतो की तू या वेळी कारखान्याच्या भोंग्याकडे कान देऊन सूप गरम करायला ठेवतेस, आणि आज ठेवलं नसशील.

डेल्फिनने मागची खोली राहायला दिली आहे. आपण दोघांनी इथेच राहावं असंही म्हणाली. फादर म्हणाले, अदेलार म्हणाला, दुकानातला माणूसही म्हणाला. बटाट्याची काढणी चालू आहे, मी दोन दिवस बायकांबरोबर बसून बटाटे निवडले, चेष्टा ऐकून घेतली. फार बरं वाटलं. पण रात्री त्या खोलीत पलंगाच्या उजव्या अंगाला मी असा पडतो की डावीकडे कुणी पडलं तर जागा पुरावी. तेव्हा सरळ लिहितो, तू सांगितलंस तसं. शनिवारच्या बसने निघतो. पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघं येऊ, आणि नॉर्माँला जंगलात नेऊ.

डेल्फिन तिचं कातडं मला देत होती. मी घेतलं नाही, ते तिचं आहे. चरबीची एक बरणी घेतली आहे, तुझ्या ॲपल पायसाठी.

आता राहिलं एक. सगळ्यांना मी वर चढलो याचंच कौतुक आहे, नॉर्माँ तर गावभर सांगतोय. मी चढलो ते मला फारसं आठवतही नाही. पण मी उतरलो, इव्हेत. पट्टा सोडला, वळलो, पहिल्या पायरीवर पाय टेकला, मग दुसऱ्या, आणि असं करत करत शेवटी जमिनीवर उभा राहिलो, दोन्ही पायांवर. डेल्फिनने हात पुढे केला होता, तो धरावा लागला नाही. हे मी अजून कुणाला बोललो नाही. तुला आधी कळावं म्हणून लिहायला बसलो.

लोभ किती आहे ते बसमधून उतरलो की सांगतो.
तुझाच,
लुसियाँ